सपाटीवरचा पूर आणि नकाशावरची रेघ

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी बावीस वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम केले. तयार झालेला दांडा किंवा बुश हातात घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा, ड्रॉइंगवरच्या मापाशी ताडून पाहायचे आणि पास की रिजेक्ट ते ठरवायचे. या कामाने एक सवय लावली. ड्रॉइंगवर नुसते २५ मिलिमीटर लिहिले असेल आणि पुढे अधिक-उणे किती ते लिहिले नसेल, तर आम्ही ते ड्रॉइंग परत पाठवत असू. टॉलरन्स नसलेले माप आमच्या खात्यात माप धरले जात नसे.

असे असूनही २०२१ साली मी स्वतः टॉलरन्स नसलेला एक नकाशा काढला आणि तो मामेभावाच्या हातात दिला. त्याची हकीकत आणि त्यानंतर या विषयात जे शिकत गेलो ते प्रस्तुत लेखात मांडतो आहे. मी अभियंता नाही, भूगोलाची पदवीही नाही. नकाशाचे सॉफ्टवेअर वयाच्या पंचेचाळिशीनंतर घरी बसून शिकलो. त्यामुळे येथे सांगितलेले बहुतेक धडे ठेच लागूनच मिळालेले आहेत.

माझे आजोळ गेवराई तालुक्यात, गोदाकाठी. मामेभावाने गावठाणाबाहेर, रस्त्याच्या कडेला घराचा प्लॉट घेतला. गवंडी म्हणाला, जोते तीन फूट उचला. तीन फुटांचा मुरूम भराव म्हणजे बराच खर्च. भावाने मला फोन केला. "दादा, तू कंप्युटरवर नकाशे काढतोस ना? बघ की जरा, पाणी येईल का आपल्या प्लॉटावर?" मी उपग्रहाची फुकट मिळणारी उंचीची माहिती उतरवली, नदी आखली, हिशेब केला. प्लॉट नदीपासून सव्वा किलोमीटर दूर आणि काठापेक्षा चार मीटर उंच निघाला. मी छातीठोकपणे सांगितले, जोते एक फूट पुरे.

२०२५ च्या सप्टेंबरअखेर मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली ती वाचकांना आठवत असेल. जायकवाडीतून मोठा विसर्ग सुरू होता, वरून पाऊस होता. रात्री भावाच्या घरात वीतभर पाणी शिरले. मामींना खांद्यावर घेऊन शाळेत हलवावे लागले. माणसे सुखरूप राहिली. सोयाबीनची पोती, फ्रिज आणि मुलीची दहावीची पुस्तके गेली. भाऊ मला एक शब्द बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागले.

निळी रेषा, लाल रेषा

पूररेषा हा शब्द आता खेड्यातही माहीत झाला आहे. महाराष्ट्रात नदीकाठच्या जमिनीसाठी निळी आणि लाल अशा दोन रेषा आखण्याची पद्धत पाटबंधारे विभागाच्या १९८९ च्या परिपत्रकापासून चालत आली आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जो मोठा असेल तो जिथवर पोचतो तिथे निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो तिथे लाल रेषा. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र.

'२५ वर्षांतून एकदा' या शब्दांनी फसगत होते. याचा अर्थ, यंदा आला की पुढची २४ वर्षे निश्चिंती, असा नाही. कोणत्याही एका वर्षी असा पूर येण्याची शक्यता चार टक्के, एवढाच त्याचा अर्थ. घराचे आयुष्य ३० वर्षे धरले, तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के भरते. शंभर वर्षांच्या पुरासाठीही हाच आकडा २६ टक्के येतो, म्हणजे चारात एक. लाल रेषेच्या काठावरचे घर तितके निर्धास्त नाही, हे या साध्या गणितातून कळते.

रेषा आखायची तर तीन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली, किती पाणी येईल. दुसरी, तेवढे पाणी आले तर नदीची पातळी किती चढेल. तिसरी, ती पातळी जमिनीवर कुठवर पसरेल. पहिल्या पायरीवर जुन्या नोंदी लागतात. जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ साली झाले. धरणाआधीची गोदावरी आणि नंतरची गोदावरी या पाण्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या नद्या आहेत. त्यामुळे पन्नास वर्षांच्या नोंदींवरून शंभर वर्षांचा पूर काढायचा म्हणजे फूटपट्टी तिच्या लांबीच्या बाहेर वापरण्यासारखे आहे. दुसरीकडेही अडचणी आहेत, त्या पुढे येतील. पण जमीन अगदी सपाट असते तेव्हा सगळ्यांत मोठी चूक तिसऱ्या पायरीवर होते.

नाशिकचा मारुती आणि गोदाकाठची काळी

नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. पाणी मारुतीच्या पायाला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, की शहराला काय ते समजते. तिथे घाट आहेत, चढ आहेत. समजा काठाचा चढ पाचास एक आहे, म्हणजे पाच मीटर चालल्यावर एक मीटर वर. अशा ठिकाणी उंचीच्या हिशेबात एक मीटरची चूक झाली तर नकाशावरची रेषा पाच मीटर सरकते. एका घराचे अंगणही त्यात मावणार नाही.

आता तीच गोदावरी पैठणच्या खाली पाहा. जायकवाडीची पूर्ण जलपातळी सुमारे ४६३.९ मीटर आणि नांदेडच्या विष्णुपुरीची ३५५ मीटर. धरणाच्या भिंतीची उंची वजा करून, नदीची वळणे धरून ढोबळ हिशेब केला, तर नदीचा उतार किलोमीटरला साधारण फूटभर येतो. काठावरची काळी जमीन नदीपासून दूर जातानाही अशीच पसरलेली असते. तिथला चढ हजारास एक धरला तर एक मीटरच्या चुकीने रेषा एक किलोमीटर सरकते. दोन हजारास एक असेल तर दोन किलोमीटर. एवढ्या अंतरात एक अख्खे गाव निळ्या रेषेच्या आत किंवा बाहेर होते. कोणाला बांधकामाची परवानगी मिळते आणि कोणाला नाही, कोणाचा प्लॉट विकला जातो आणि कोणाचा पडून राहतो, हे त्या एका मीटरवर ठरते.

याला जोडून आणखी एक गोष्ट आहे. सपाटीवर पाण्याला पसरायला जागा भरपूर, म्हणून विसर्ग पुष्कळ वाढला तरी पातळी थोडीच वाढते. २५ वर्षांचा पूर आणि १०० वर्षांचा पूर यांच्या पातळीत कित्येकदा काही फुटांचाच फरक पडतो. म्हणजे ज्या दोन रेषांमधले अंतर दाखवायचे, त्यापेक्षा उंचीच्या माहितीतली चूकच मोठी असू शकते. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर टेलरच्या टेपने पिस्टनची रिंग मोजण्याचा हा प्रकार आहे.

उंची येते कुठून

मग ही उंचीची माहिती येते कुठून? सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे आपल्या परिचयाचे आहेत. त्यांवरच्या समोच्च रेषा सामान्यतः २० मीटरच्या अंतराने असतात. सपाट प्रदेशात अशा दोन रेषांच्या मध्ये पाच-सहा गावे बसतात, आणि त्या गावांच्या आपापसांतल्या उंचसखलपणाबद्दल नकाशा काहीच बोलत नाही.

दुसरा मार्ग अवकाशातला. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या 'एंडेव्हर' या अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. ही माहिती एसआरटीएम या नावाने प्रसिद्ध आहे आणि कोणालाही मोफत मिळते. आपल्यासारख्या हौशी माणसासाठी ती वरदान आहे. जमिनीचे ३० मीटरचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला एक उंची दिलेली असते. तिच्या अचूकतेचे मूळ उद्दिष्ट १६ मीटरच्या आत असे होते, प्रत्यक्षात ती त्याहून बरीच चांगली निघाली. तरी सपाट भागातही काही मीटरची चूक राहतेच. त्यानंतर इस्रोच्या कार्टोसॅट-१ या २००५ साली सोडलेल्या उपग्रहापासून 'कार्टोडेम' तयार झाले, ते भुवन संकेतस्थळावर मिळते. जर्मन उपग्रहांनी २०११ ते २०१५ या काळात केलेल्या मोजणीवरून 'कोपर्निकस' हे अधिक चांगले प्रतिरूप तयार झाले. तेही मोफत आहे.

मला जे २०२१ साली कळायला हवे होते ते आता सांगतो. चिकलठाण्याचा विमानतळ माझ्या घरापासून जवळ. विमानतळाची प्रसिद्ध उंची १,९११ फूट, म्हणजे सुमारे ५८२ मीटर. धावपट्टी म्हणजे माणसाने मुद्दाम गुळगुळीत केलेली जमीन. पूर येऊन गेल्यानंतर मी एसआरटीएममध्ये त्या धावपट्टीवरच्या चौकोनांच्या उंची एकेक करून वाचल्या. शेजारच्या चौकोनांत एक-दोन मीटरचे चढउतार दिसले. धावपट्टी खरोखर अशी असती तर विमान उतरले नसते. हा मोजणीचा गोंगाट आहे. ही परीक्षा दहा मिनिटांची होती. कारखान्यात नवे गेज आले की आधी प्रमाणित ठोकळ्यावर तपासायचे, हा नियम मी दुसऱ्यांना शिकवला होता. स्वतःच्या नकाशाला मात्र लावला नाही.

तरीही एक-दोन मीटरच्या गोंगाटाने प्लॉट चार मीटर उंच कसा झाला, हा प्रश्न उरलाच. उत्तर मामींनी दिले. मी नकाशा पुढ्यात धरून बसलो होतो, त्या म्हणाल्या, "तिथं आमराई होती की रे. तू लहानपणी कैऱ्या पाडायला जायचास ना?"

खरेच होती. आठ-दहा जुनी, दाट झाडे. २००८ च्या सुमारास तोडली. रडारची लहर दाट झाडोऱ्यातून सरळ मातीपर्यंत जात नाही. ती वरच्या फांद्यापानांवरून किंवा अधल्यामधल्या थरावरून परतते. फेब्रुवारी २००० मध्ये यानाने जी उंची मोजली ती आमराईची होती. झाडे गेली, जमीन प्लॉट झाली, पण माहितीत आमराई तशीच उभी राहिली. नंतर कोपर्निकसच्या माहितीत तीच जागा पाहिली, तर तो उंचवटा तिथे नव्हता. झाडे आणि इमारती गणिताने वजा करून केलेली प्रतिरूपेही आता निघाली आहेत. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांचे २०२२ मधले 'फॅबडेम' हे त्यांपैकी एक. पण वजाबाकी हाही अंदाजच असतो. उसाचे उभे पीक, बाभळीचे बन, कडब्याची गंज, यांतले काय वजा झाले आणि काय राहून गेले, ते जागेवर गेल्याशिवाय कळत नाही.

समुद्रसपाटीचाही एक घोळ असतो. मोबाइलमधला जीपीएस मुळात पृथ्वीच्या एका कल्पित गुळगुळीत अंडाकृतीपासून उंची मोजतो. आपण बोलतो ती समुद्रसपाटीपासूनची. आपल्या भागात या दोहोंतला फरक साठ मीटरांहून अधिक आहे. एसआरटीएम आणि कोपर्निकस यांनी समुद्रसपाटीची वेगवेगळी प्रतिरूपे वापरली आहेत, आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे बेंचमार्क तिसऱ्याच आधारावर आहेत. एका स्रोतातली जमीन आणि दुसऱ्यातली नदीची पातळी शेजारी मांडली की आपोआप चूक शिरते. डोंगराळ भागात ती खपून जाते. सपाटीवर खपत नाही.

पाणी मागून येते

माझी दुसरी चूक विचारातली होती. नदीपासून जितके दूर तितके सुरक्षित, हे मी गृहीत धरले होते. सपाट प्रदेशातली नदी असे वागत नाही. पूर काठावरून बाहेर पडतो तेव्हा पाण्याचा वेग एकदम मंदावतो आणि जाड गाळ तिथेच काठालगत बसतो. शेकडो पुरांनंतर काठच उंच होतो. त्याच्या मागची जमीन खोलगट राहते. नदीपासून दूर जाताना आपण चढत नाही, उतरतो. अशा नदीचे पाणी गावात समोरून येत नाही. ते खाली कुठेतरी ओढ्याच्या मुखातून आत शिरते आणि ओढ्याने उलटे चढत मागच्या बाजूने येते. भावाच्या घरात पाणी ओढ्याकडूनच आले. नदीचा काठ त्या रात्री बराच वेळ कोरडा होता.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक असावे. जुन्या गावात पांढरी आणि काळी असे दोन भाग मानत. वस्ती पांढरीवर, शेती काळीत. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या घरांच्या मातीने उंच झालेली जागा. नव्या वस्त्या रस्त्याच्या सोयीने काळीत उतरल्या, आणि पुराच्या बातम्यांतली बरीच घरे तिथलीच असतात.

संगणकालाही सपाटी समजत नाही. पाणी कुठून कुठे वाहील हे काढण्यासाठी तो उंचीच्या माहितीतले खड्डे आधी भरून घेतो, कारण खड्ड्यात त्याचा हिशेब अडकतो. डोंगरात हे ठीक असते. सपाटीवर खरे डबके आणि गोंगाटाचा खड्डा यांत फरक करता येत नाही. मग भरलेल्या भागावर समांतर, फूटपट्टीने मारल्यासारखे ओढे उमटतात. प्रत्येक जागेची तिच्या जवळच्या ओढ्यापासूनची उंची मोजून पूरक्षेत्र ठरवण्याची एक पद्धत ब्राझीलमध्ये विकसित झाली आणि जगभर वापरली जाते. मीही २०२१ साली तिचेच सोपे रूप वापरले होते. चढउतार असतील तिथे ती छान चालते. पण 'जवळचा ओढा' कोणता हेच जिथे पक्के नाही, तिथे ती पद्धत पायाच हरवून बसते.

शिवाय सपाटीवर माणसाने केलेला एक मीटरचा भराव हा डोंगराइतकाच महत्त्वाचा असतो. डांबरी रस्ता दर नूतनीकरणाला थोडा उंच होतो. कालव्याचा बांध, रेल्वेचा भराव, शेताचा ताल, हे सगळे पाण्याला वळवतात. भरावाखालची मोरी मोकळी असेल तर पाणी पलीकडे जाते, गाळाने बुजली असेल तर अलीकडची वस्ती बुडते. तीस मीटरच्या चौकोनात सात मीटरचा रस्ता नीट दिसत नाही, आणि मोरी तर कोणत्याच उपग्रहाला दिसत नाही. तिच्यासाठी बॅटरी घेऊन वाकून पाहावे लागते.

आता पातळीचा प्रश्न. पाण्याचा वेग काढण्यासाठी मॅनिंगचे सूत्र वापरतात. त्यात वेग हा उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उतार चौथाई झाला की वेग निम्मा. दुसरा घटक खडबडीतपणाचा. स्वच्छ पात्र, उभे पीक आणि दाट झुडूप यांचे आकडे वेगवेगळे. उतार भरपूर असतो तेव्हा अमुक विसर्गाला अमुक पातळी असा सरळ संबंध जोडता येतो. उतार नगण्य असतो तेव्हा पातळी वरून येणाऱ्या पाण्याइतकीच खालच्या अडथळ्यावर ठरते. पैठणच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव, मुदगल असे उच्च पातळी बंधारे नदीवर आहेत. त्यांचे दरवाजे किती वाजता किती उघडले, हे हिशेबात घेतल्याशिवाय मधल्या गावांची पातळी सांगता येत नाही. म्हणूनच एकेका आडव्या छेदावरचा जुना हिशेब इथे अपुरा पडतो. पाणी सर्व दिशांनी पसरते असे मानणारी द्विमितीय प्रतिरूपे लागतात. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांचे 'हेक-रास' हे मोफत सॉफ्टवेअर २०१६ पासून तसा हिशेब करू देते. पण त्यालाही खाली जमीन खरी द्यावी लागते.

कृष्णाकाठ हे याचे सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले आणि दिवसेंदिवस उतरेना. तिथे नदी मंद उताराची, नागमोडी. हरिपूरला वारणा मिळते, नृसिंहवाडीला पंचगंगा. कृष्णा फुगली की पंचगंगेचे पाणी मागे थोपते. नृसिंहवाडीच्या देवळात पुराचे पाणी उत्तरेकडून शिरून दक्षिणद्वारातून बाहेर पडते त्या सोहळ्याला लोक स्नानाला गर्दी करतात. खाली अलमट्टी धरण, पूर्ण जलपातळी ५१९.६ मीटर. त्याच्या फुगवट्याचा सांगलीवर किती परिणाम होतो यावर दोन राज्यांत वाद आहे. २०१९ नंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. या वादात मी पडत नाही. एवढेच दाखवायचे आहे की उतार इतका कमी असला की दूरवरच्या धरणाचा प्रश्नही पातळीच्या काही फुटांत उभा राहतो, आणि उंचीची माहिती फुटाफुटाची नसेल तर त्याचे उत्तर नकाशावरून मिळत नाही.

ढगांआडून पाहणारा उपग्रह

मग प्रत्यक्ष पूरच वरून पाहिला तर? तशी सोय आहे. युरोपचा सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह २०१४ पासून ढगांआडूनही जमीन पाहतो. शांत पाणी रडारची लहर आरशासारखी पलीकडे फेकते, म्हणून प्रतिमेत ते काळे दिसते. हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र अशा प्रतिमांवरून पुराचे नकाशे प्रसिद्ध करते.

पण मर्यादा लक्षात ठेवाव्यात. एक उपग्रह एका जागेवर तशाच कोनातून बारा दिवसांनी परततो. रात्रीत येऊन दुपारी ओसरणारा पूर त्याच्या दोन फेऱ्यांमध्ये निसटतो. उभ्या उसात पाणी शिरले तर लहर पाणी आणि खोड यांवर दोनदा आपटून परतते आणि जागा उलट उजळ दिसते. घरांच्या दाटीत तर पाणी ओळखणेच कठीण. प्रतिमेत काळे नाही म्हणून पाणी नव्हते, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. उद्या भरपाईचे पंचनामे अशा नकाशावर ताडून पाहिले जाऊ लागले, तर उसातले आणि गल्लीतले पाणी कागदावर येणारच नाही.

डंपी लेव्हल आणि देवळाची पायरी

ऑक्टोबर २०२५ मध्ये मी एका ठेकेदाराकडून डंपी लेव्हल भाड्याने घेतली आणि भावाला मोजपट्टी धरायला उभे केले. गावात २००६ च्या ऑगस्टमधल्या पुराची एक खूण सर्वांना ठाऊक आहे. त्या वेळी जायकवाडीतून सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी सोडले होते आणि पैठण शहरही बुडाले होते. आमच्या गावात मारुतीच्या देवळाची चौथी पायरी बुडाली, पाचवी कोरडी राहिली. चार वेगवेगळ्या म्हाताऱ्यांना मी वेगवेगळे गाठून विचारले. चौघांनी हेच सांगितले.

देवळापासून प्लॉट सातशे मीटर. चाळीस-पन्नास मीटरचे टप्पे घेत गेलो आणि तसाच परत आलो. परतीला ११ मिलिमीटरचा फरक आला, तो या कामात चालण्यासारखा आहे. प्लॉटची मूळ जमीन चौथ्या पायरीपेक्षा ४२ सेंटिमीटर खाली निघाली. दुसऱ्या दिवशी नदीच्या काठापर्यंत गेलो. काठ प्लॉटपेक्षा फूटभर उंच! माझ्या नकाशात प्लॉट काठापेक्षा चार मीटर वर होता.

आता या मापाला टॉलरन्स लावू. पाणी चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मध्ये होते, म्हणजे १५ सेंटिमीटरची अनिश्चितता. प्लॉट देवळाच्या वरच्या अंगाला आहे, किलोमीटरला फूटभर उतार धरला तर सातशे मीटरला आणखी सुमारे २० सेंटिमीटर. म्हणजे २००६ सारख्या पुरात प्लॉटवर किमान ४२ आणि जास्तीत जास्त ७७ सेंटिमीटर पाणी. एक फुटाचे जोते ३० सेंटिमीटरचे. तीन फुटांचे ९१ सेंटिमीटरचे. गवंड्याने सांगितलेला आकडा बरोबर होता. त्याच्याकडे उपग्रह नव्हता, त्याला देवळाची पायरी माहीत होती.

या मोजणीतून मला एक गोष्ट उमगली. सपाटपणामुळे उपग्रहाचा नकाशा कुचकामी ठरतो, पण त्याच सपाटपणामुळे पुराची एकच खूण दूरवर उपयोगी पडते. डोंगरी नदीत एका घाटावरची खूण शंभर मीटरवरही लागू पडत नाही. सपाटीवर पाण्याचा पृष्ठभाग जवळजवळ आडवा असतो. एक भरवशाची खूण आणि एक डंपी लेव्हल असेल तर किलोमीटरभरच्या परिसरातल्या प्रत्येक उंबऱ्याला सांगता येते की पाणी तुझ्या किती वर किंवा किती खाली होते.

रेघ नव्हे, पट्टा

यावर कायमचा उपाय म्हणजे लायडार. विमानातून किंवा ड्रोनमधून लेसरने केलेली मोजणी. तिची चूक दहा-पंधरा सेंटिमीटरच्या घरात असते आणि पानांच्या फटींतून ती मातीपर्यंत पोचते. नेदरलँड्सने नव्वदीच्या दशकाच्या अखेरीसच सबंध देशाची अशी मोजणी हाती घेतली आणि ती पुन्हा पुन्हा केली. आपल्याकडे २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने छायाचित्रे घेतली गेली, मालकी हक्कासाठी. अशा छायाचित्रांतून उंचीही काढता येते. गावठाणाबाहेरच्या काळीचीही तशी मोजणी झाली आणि ती ग्रामपंचायतीला पाहता आली, तर गोदाकाठच्या गावांचे पुष्कळ काम होईल.

तोवर निदान एवढे करता येईल. सपाट भागात पूररेषा एका रेघेने न दाखवता पट्ट्याने दाखवावी. इथवर पाणी नक्की, इथून पुढे बहुधा नाही, आणि मधल्या पट्ट्यात सांगता येत नाही. मधल्या पट्ट्यात बांधायचे असेल तर जागेवर लेव्हल घेऊनच जोत्याची उंची ठरवावी. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात उंचीची माहिती कुठली, कोणत्या सालची, तिची चूक अधिक-उणे किती, हे लिहावे. कारखान्यातल्या चार आण्याच्या वॉशरच्या ड्रॉइंगवर ते असते.

शेवटची गोष्ट दिवाळीची. पुराच्या खुणा भिंतीवर गाळाच्या रेघेच्या रूपाने उमटतात. पूर येतो सप्टेंबरात, आणि तीन-चार आठवड्यांत दिवाळीची रंगरंगोटी येते. चुन्याचा हात फिरला की रेघ गेली. २००६ ची आमच्या गावातली एक पायरी तेवढी उरली, बाकीच्या सगळ्या खुणा त्याच दिवाळीत पुसल्या गेल्या. २०२५ ला आम्ही आधी रेघा मोजल्या आणि मग रंगाला हात घातला. शाळेची भिंत, सोसायटीचे गोदाम, विजेचे तीन खांब आणि भावाच्या घराचा ओटा, इतक्या ठिकाणी लाल तेलरंगाने आडवी रेघ आणि तारीख घातली आहे. भावाच्या घराजवळ कुंचला त्यानेच हातात घेतला. रेघ मारून झाल्यावर म्हणाला, "दादा, आता ह्याचं टॉलरन्स सांग."

मी म्हणालो, एक बोट.